एकाच नावाचे दोघे

धाकट्याला अख्खी वस्ती 'धाकटे' म्हणायची. वय पंचावन्नच्या पुढे, दाढी अर्ध्याहून जास्त पिकलेली, उठता-बसता गुडघे वाजायचे. पण थोरला भाऊ डोक्यावर असेपर्यंत माणूस धाकटाच राहतो. त्यालाही त्याचं काही वाटत नव्हतं. उलट सोयच होती. कुणाशी भांडायचं असलं, कुणाला चार शब्द सुनवायचे असले, की थोरल्याकडे बोट दाखवायचं आणि आपण मुकाट्याने आपलं काम करायचं.

काम गाद्या बसवण्याचं. टॅक्सींच्या फाटलेल्या सीटा, दवाखान्यातली बाकं, म्हाताऱ्यांच्या आरामखुर्च्या, दुकानात जे येईल ते. चुका, म्हणजे ते बारके खिळे, तोंडात धरायची त्याला सवय. जिभेने एकेक चूक ओठांवर आणायची, बोटांनी उचलायची आणि रेक्झिनवर ठोकायची. दिवसभर तोंडात खिळे, मग बोलणार काय? वहिनी म्हणायची, "आमच्या भाऊजींच्या तोंडात कायम चुका असतात, म्हणून बोलण्यात एकही नसते."

थोरला म्हणजे अगदी दुसरं टोक. टॅक्सी चालवायचा, आणि आवाज असा की हॉर्न नसता तरी चाललं असतं. त्याला मूल नव्हतं. धाकट्याची बायको लवकर गेली तेव्हा तिची लेक थोरल्याने आणि वहिनीने वाढवली. ती आता लग्न होऊन दूरच्या शहरात होती. पण टॅक्सीत बसलेल्या कुणी विचारलं, तर थोरला छाती फुगवून सांगायचा, "एक मुलगी आहे मला." धाकट्याने ते कधी खोडून काढलं नाही. त्यात खोटं तरी काय होतं?

शहर अवाढव्य आणि शीख वस्ती मूठभर, चाळीसएक घरं. एका बंद पडलेल्या छापखान्याच्या वरच्या मजल्यावर गुरुद्वारा. पगडीवाली माणसं त्या शहरात इतकी कमी, की रस्त्यात एक दिसला की लोक दुसऱ्याचा निरोप त्याच्याच हाती द्यायचे. "काल तुम्ही माझं कपाट दुरुस्त केलंत ना, त्याची चावी लागत नाही," असं धाकट्याला कितीदा तरी ऐकावं लागलं होतं. कपाट दुरुस्त करणारा तो नव्हे, सुतार. पण बाहेरच्यांना सगळे एकाच साच्यातून काढल्यासारखे.

हा सुतारही वस्तीतलाच. जीभ इतकी धारदार की माघारी त्याला 'करवत' म्हणत. सोफ्यांचे सांगाडे तो बनवून द्यायचा आणि त्यावर गाद्या धाकटा चढवायचा, म्हणून दोघांची बरी ओळख होती. विधुर माणूस, घरात एकटी लेक. गंमत म्हणजे सुताराचं आणि थोरल्याचं नाव एकच. 'सिंग' तर सगळ्यांच्याच नावाला लागलेलं, पण या दोघांचं आधलं नावही अक्षराला अक्षर सारखं. गुरुद्वाऱ्यात कुणी त्या नावाने हाक मारली की दोघेही वळायचे, आणि सुतार म्हणायचा, "भोंग्याला हाक मारताय की मला?"

मग साथ आली.

वस्तीत पहिला आजारी पडला तो धाकटाच. कुठल्याशा टॅक्सीच्या सीटमधून लागण झाली असं त्याने आपलं ठरवून टाकलं. ताप आला, सरसाच्या डब्यात नाक खुपसलं तरी वास येईना. पण घरातल्या घरात, खोलीचं दार लावून, तो निभावून नेला. तो उठून बसतो तोवर सरकारी हुकूम आला की प्रार्थनेच्या जागा बंद. गुरुद्वारा सुरू झाल्यापासून कधी बंद झालेला नव्हता. कुलूप घालायला गेले तर दाराला कोयंडाच नाही. प्रधानजी, म्हणजे गुरुद्वाऱ्याचा कारभार बघणारे निवृत्त पोस्टमास्तर, डोक्याला हात लावून पायरीवर बसले. शेवटी सुताराला बोलावलं. त्याने कोयंडा बसवला, पण स्क्रू पिळताना पुटपुटत राहिला, "दारं नीट उघडावीत म्हणून जन्मभर बिजागऱ्या बसवल्या. आता हे करा."

पण दार बंद झालं तरी माणसं बंद झाली नाहीत. गुरुद्वाऱ्यातले ग्रंथवाचक, ग्रंथीजी, संध्याकाळचा पाठ फोनवर वाचू लागले. चाळीस घरांतले चाळीस फोन एका वेळी जोडलेले. आवाज बंद कसा करायचा हे निम्म्यांना माहीत नव्हतं, त्यामुळे पाठाच्या मध्येच कुणाच्या कुकरची शिट्टी, कुणाचा खोकला, कुणी सुनेवर खेकसतंय, असं सगळं वस्तीला ऐकू जायचं. लंगरचं स्वयंपाकघर चौघीजणी अंतर ठेवून चालवायच्या. टॅक्सींना गिऱ्हाईक नव्हतंच, मग टॅक्सीवाले जेवणाचे डबे घरोघर पोचवायला लागले. नुसते वस्तीत नाही, ज्याचं दार वाजवाल त्याला. थोरला सगळ्यात पुढे. डबा उंबऱ्यावर ठेवायचा, सहा पावलं मागे सरकायचा आणि तिथून बोंब ठोकायचा, "ताई, गरम आहे तोवर घ्या!"

वस्तीत पहिलं माणूस गेलं तेव्हा मात्र सगळ्यांचं धाबं दणाणलं. अख्खं घर आजारी, दारावर सरकारी पट्टी. स्मशानात एकालाच परवानगी, आणि जायला कुणी नाही. प्रेताला खांदा देणं सोडा, बरोबर उभं राहायला माणूस नाही.  तेव्हा धाकटा फोनवर बोलला.

"मला होऊन गेलाय. मी जातो."

त्या दिवसापासून वस्तीतल्या प्रत्येक मेलेल्यामागे धाकटा गेला. कुणाचा मुलगा म्हणून, कुणाचा पुतण्या म्हणून. तिथे जे दिसेल ते घरच्यांना फोनवर सांगायचं, हेही त्याच्याच गळ्यात पडलं. सांगायला होतं काय? निळी पिशवी, बंद चेन, वर नावाची चिठ्ठी, काचेपलीकडे विजेची भट्टी. चेहरा कधीच दाखवत नसत. नियमच तसा होता. तरी घरची माणसं खोदून खोदून विचारायची, आणि तोंडात खिळे धरून आयुष्य काढलेला माणूस हळूहळू बोलायला शिकला.

आणि एका सकाळी थोरल्याला धाप लागली. रुग्णवाहिका आली, चार पायऱ्या उतरताना तो तीनदा थांबला. घाईत त्याचा मोबाइल टॅक्सीतच राहिला. त्याच दिवशी सुतारालाही त्याच इस्पितळात नेल्याचं कळलं. संध्याकाळच्या पाठात प्रधानजी म्हणाले, "दोघांसाठी अरदास करू या. नाव एकच आहे, देव काय ते वाटून घेईल." त्या दिवसांतही फोनवर कुणीतरी हसलं.

पुढच्या आठवड्यात इस्पितळातून वहिनीला फोन आला. बाई नम्रपणे बोलली. नाव सांगितलं, वय विचारलं, आणि म्हणाली की पहाटे ते गेले.

वहिनीचीही चाचणी झालेली, ती खोलीत कोंडलेली. दाराच्या आतून तिने एकच हाक मारली, "भाऊजी!" त्या हाकेतच सगळं आलं.

स्मशानात धाकट्याने पहिल्यांदाच हट्ट धरला. "माझा भाऊ आहे. एकदा तोंड बघू द्या."

"काका, सगळ्यांचाच कुणीतरी असतो," तिथला माणूस म्हणाला. वाईट नव्हता तो, थकलेला होता. "चेन उघडली तर माझी नोकरी जाईल."

चिठ्ठीवर दादाचं नाव होतं. फोनवर ग्रंथीजी अरदास म्हणत होते. आणि इतक्या जणांमागे हात जोडून गुपचूप उभा राहिलेला धाकटा एकदम काचेवर हात आपटून बोलायला लागला. "न विचारता गेलास! मोबाइलसुद्धा नेला नाहीस! वहिनीला आता मी काय सांगू? माझ्या पोरीला कोण सांगणार? सगळी भांडणं तू करायचीस म्हणून ठरलं होतं ना आपलं?" तो लहान पोरासारखा हंबरडा फोडून रडला. फोन चालूच होता. चाळीस घरांनी ते ऐकलं आणि त्या दिवशी कुणाच्याच घरी कुकर वाजला नाही.

घरी येऊन तो वहिनीच्या बंद दाराशी जमिनीवर बसला. आतून तिने विचारलं, "चेहरा कसा होता हो? शांत होता का?"

धाकट्याने भिंतीकडे बघितलं. "हो, वहिनी. शांत होता. झोपल्यासारखा."

अस्थींचा कलश घराखालच्या दुकानातल्या फळीवर, रेक्झिनच्या गुंडाळ्यांच्या मधे ठेवला. नदीकडे जायचा रस्ता बंद होता. लेकीला यायची परवानगी मिळेना; ती फोनवर नुसती रडायची. धाकट्याने दुकान उघडून खुर्च्या ठोकायला सुरुवात केली. दुसरं करणार काय?

पाच-सहा दिवसांनी, दुपारची वेळ. तोंडात मूठभर चुका. दुकानातला जुना काळा फोन वाजला. गिऱ्हाईक असेल म्हणून त्याने रिसीव्हर कानाला लावला आणि नुसतं "हं" केलं.

"धाकट्या! अरे, फोन उचलायला किती वेळ?"

आवाज बारीक होता, घोगरा होता. पण या जगात त्याला 'धाकट्या' म्हणणारं एकच माणूस होतं. तोंडातल्या चुका खळकन जमिनीवर सांडल्या.

"कोण बोलतंय?"

"कोण म्हणजे? आवाज बसला म्हणून ओळख विसरलास? किती दिवसांनी आज तो नाकावरचा मुखवटा काढलाय. या सिस्टरला सांगून दमलो, घरी फोन लाव, घरी लाव, तर ती भलताच नंबर लावते. शेवटी या झाडूवाल्या दादाच्या हातापाया पडलो. मला पाठ असलेला नंबर एकच, तुझ्या दुकानाचा."

 धाकटा अर्धवट बसवलेल्या खुर्चीच्या सांगाड्यावरच बसला. कुणी चेष्टा करतंय? इतकी हलकट चेष्टा? की आपल्यालाच पुन्हा ताप चढलाय?

"हॅलो? मेलास का काय तिकडे?" पलीकडचा आवाज खोकला. "टॅक्सी रोज सुरू करतोस ना? नाहीतर बॅटरी उतरेल."

भुताला बॅटरीची काळजी नसते. धाकट्याच्या घशातून हसण्याचा की रडण्याचा, कसला तरी आवाज निघाला.

"दादा," एवढंच तो म्हणाला. "दादा. दादा."

"ऐकू येतंय मला. आणि आपल्या पोरीला सांग, मोजे छान होते. पायाला ऊब आली. रोज फोन करते बिचारी. इतक्या लांबून मोजे कसे काय पाठवले तिने?"

"कुठली पोर?"

"कुठली म्हणजे? तुझी-माझी मिळून एकच तर आहे! सिस्टर रोज सांगते, 'बाबा, मुलीचा फोन होता.' मीही निरोप देतो." तेवढ्यात पलीकडे कुणीतरी ओरडलं, आणि फोन कट झाला.

धाकटा जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढला. गुडघ्यांची शुद्ध नव्हती. वहिनी आदल्याच दिवशी खोलीबाहेर आली होती, पांढरी ओढणी डोक्यावर घेऊन खिडकीशी बसली होती. सांगायचं कसं, हे त्याला कळेना. दुःखाची बातमी हळूहळू सांगतात हे त्याला ठाऊक होतं. आनंदाची कशी सांगतात?

"वहिनी, दादाचा फोन होता."

तिला वाटलं, भाऊजींच्या डोक्यावर परिणाम झाला. ती घाबरून उठली. त्याने झाला प्रकार सांगितला, बॅटरीचंही सांगितलं. बॅटरी ऐकल्यावर तिने त्याचा दंड घट्ट धरला आणि हसत सुटली. मग ते हसणं एकाएकी थांबलं. ती त्याच्याकडे टक लावून बघायला लागली.

"मग तुम्ही कुणाचा चेहरा बघितलात, भाऊजी? शांत, झोपल्यासारखा?"

 आत्तापर्यंत आनंदाच्या भरात हे धाकट्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. खाली फळीवर कलश होता. त्यात कुणीतरी होतं.

आणि त्याच क्षणी त्याला कळलं की कोण. कधी तोंडावर गोड बोलला नाही, पण सांगाडा असा बनवायचा की गादी चढवताना एक कोपरा इकडचा तिकडे होत नसे, तो माणूस. ज्याच्या लेकीचे मोजे आज दादाच्या पायात होते.

प्रधानजींना घेऊन तो इस्पितळाच्या फाटकावर गेला. आधी कुणी दाद देईना. खिडकीतला माणूस सांगत राहिला, "तुमचा पेशंट वारला. दुःख आहे. पुढे व्हा." तेव्हा धाकट्याने जन्मात पहिल्यांदा कुणा परक्यावर आवाज चढवला. इतका की वरच्या मजल्यावरच्या खिडक्यांत माणसं जमली. मग एक साहेब खाली आले, आत जाऊन आले, आणि परत आले तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं होतं. मोबाइलवर त्यांनी आतला व्हिडिओ दाखवला. मोकळे पांढरे केस, छातीवर पसरलेली दाढी, खोल गेलेले गाल. पण दादाच. दादाने हात हलवला आणि ओठांची हालचाल करून काहीतरी शिवी दिली.

"दोघांचं नाव एक, वय जवळपास एक, वॉर्ड एक," साहेब म्हणाले. "पगडी काढल्यावर... आमच्या लोकांच्या लक्षात आलं नाही. पेशंट सांगत होते तुम्ही भलताच नंबर लावताय, पण आम्हाला वाटलं भ्रमात बोलतायत. त्या दुसऱ्या कुटुंबाला रीतसर कळवलं जाईल."

"कधी?"

"चौकशी झाली की."

"ती पोर आज संध्याकाळी फोन करेल. तिला काय सांगणार? बाबा बरे आहेत म्हणून?"

साहेबांनी मोबाइल खिशात टाकला. प्रधानजी कंपाउंडच्या भिंतीला टेकून उभे होते. त्यांची पगडी किंचित कलली होती आणि ती नीट करायचंही त्यांना सुचत नव्हतं. जन्मभर दुसऱ्यांची पत्रं योग्य दारी पोचवलेला माणूस तो. ते म्हणाले, "धाकटे, कुणीतरी जायला हवं. आत्ताच."

सुताराचं घर त्याच्या कारखान्याच्या वर. मुलगी औषधांच्या दुकानात कामाला, नुकतीच घरी आलेली. धाकटा अंगणात उभा राहिला, ती कारखान्याच्या दारात. त्याला बघताच तिने डोक्यावरून ओढणी घेतली.

"काका, तुम्ही का आलात? मीच यायला हवं होतं. थोरल्या काकांचं ऐकलं, फार वाईट वाटलं. पण बाबांच्या धावपळीत जमलंच नाही बघा." मग जरा संकोचून, दुसऱ्याच्या दुःखापुढे आपला आनंद लपवावा तशी ती म्हणाली, "बाबांना आता बरं आहे. आकडे सुधारलेत. दोन-तीन दिवसांत सोडतील म्हणतात. मी खालीच पलंग लावून ठेवलाय, त्यांना जिना नको म्हणून."

उघड्या दारातून पलंग दिसत होता. धुतलेली चादर, उशीशी पाण्याचा तांब्या. भुसा झाडून जमीन लख्ख केलेली.

धाकट्याने इतक्या घरांना फोनवर मरण सांगितलं होतं. पण समोर उभं राहून, हसऱ्या तोंडाला, कधी नाही. त्याने सांगितलं. एकदा सांगून तिला कळलंच नाही. दुसऱ्यांदा सांगावं लागलं. ती ओरडली नाही. फक्त हिशेब चुकलेल्या माणसासारखी एकेक गोष्ट उलटी मोजत गेली.

"पण परवा ते बोलले. म्हणजे सिस्टरने निरोप सांगितला. 'वेळेवर जेव. दाराला कडी लाव. रडू नकोस, राणी.' बाबांनी जन्मात मला राणी म्हटलं नव्हतं, काका. मला वाटलं, आजाराने मऊ झाले. मी ते शब्द..." तिने मान वर केली. "ते कुणाचे?"

"दादाचे," धाकटा म्हणाला. "त्याला वाटलं, माझी मुलगी आहे."

ती त्याच्याकडे बघत राहिली. बाप गेल्याचं ऐकून जे झालं नव्हतं ते आता तिच्या चेहऱ्यावर झालं. तिने दार लावून घेतलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

थोरला घरी आला तो काठी टेकत. सगळं ऐकल्यावर तो दोन दिवस अन्नाला शिवला नाही. मोजे त्याने स्वतःच्या हाताने धुतले, पण परत पाठवायचे की नाही हे त्याला ठरवता येईना. "मी त्या पोरीच्या बापाच्या जागी बसून निरोप देत होतो," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणायचा. वहिनीने समजावलं की यात तुमचा काय दोष. पण दोष नाही म्हणून बोच थोडीच जाते?

नदीचा रस्ता सुटला तेव्हा मुलगी आली. धाकट्याने कलश तिच्या हातात दिला. ग्रंथीजी काठावर होते, थोरला लांब टॅक्सीपाशी थांबलेला. पाणी गढूळ आणि जोराचं होतं. सगळं झाल्यावर ती ओल्या हातांनी धाकट्याजवळ आली.

"शेवटी त्यांच्याजवळ तुम्ही होतात."

"हो."

"चेहरा बघितलात?"

या वेळी धाकटा खोटं बोलला नाही. "नाही, बेटा. दाखवला नाही."

"काही बोललात त्यांना?"

"भांडलो," तो खाली बघत म्हणाला. "दादा समजून. मोबाइल नेला नाहीस, न विचारता गेलास, असं वाट्टेल ते बोललो. आणि रडलो."

"बाबा मोबाइल खिशात घेऊनच गेले होते, तिथे तो बंद पडला ते वेगळं," ती म्हणाली. "म्हणजे त्यांना फुकटची बोलणी बसली." तिच्या तोंडून हुंदका आणि हसू एकदमच बाहेर पडलं, आणि तिने ओला हात तोंडावर धरला.

थोरला काठी टेकत चार पावलं पुढे आला. "पोरी, मला ठाऊक नव्हतं गं."

तिने त्याच्याकडे पहिल्यांदाच पाहिलं. "तुम्हाला ते शब्द परत घेता येणार आहेत का? नाही ना. मग राहू द्या, काका." रागाने म्हणाली की कशाने, दोघा भावांना शेवटपर्यंत कळलं नाही.

त्या संध्याकाळी पाठानंतर प्रधानजींनी सगळ्यांना फोनवर थांबवून घेतलं. कुणाला सवय नव्हती इतक्या कडक आवाजात ते बोलले. यापुढे आपलं माणूस इस्पितळात गेलं की बापाच्या नावासकट, फोटोसकट पाटी खाटेला लागेल. आणि चेहरा ओळखल्याशिवाय कुणाचाही निरोप घेतला जाणार नाही. त्यासाठी ते स्वतः साहेबांच्या दारात रोज जाऊन बसले. चौकशीचं पुढे काय झालं ते कुणालाच कळलं नाही, पण साहेबांनी एवढं मान्य केलं. काचेपलीकडे, क्षणभर, एकाच माणसाला चेहरा दाखवायचा.

ओळखायचं काम धाकट्याकडेच आलं. पण पुढचं मरण लंगरच्या स्वयंपाकघरातल्या चौघींतल्या सगळ्यात थोरलीचं होतं. वस्तीतल्या निम्म्या पोरांनी जिच्या हातचं खाल्लेलं, ती बाई. धाकटा स्मशानाच्या दाराशी घुटमळत उभा होता. जन्मभर पदर डोक्यावरून ढळू न दिलेल्या बाईच्या उघड्या तोंडाकडे आपण कसं बघायचं? तेवढ्यात मागून कुणीतरी मास्क चढवत आलं. सुताराची मुलगी.

"तुम्ही थांबा, काका. बाईमाणसाचं मी बघते."

"तुला झेपेल?"

"नाही झेपणार," ती म्हणाली. "पण बघायला तर पाहिजे कुणीतरी."

ती काचेशी गेली. आतल्या माणसाने चेन वीतभर खाली ओढली. धाकट्याने फोन तिच्या दिशेने धरला होता. चाळीस घरं ऐकत होती. ती काचेतून बघतच राहिली. धाकटा एक पाऊल पुढे सरकला. पुन्हा? पुन्हा दुसरंच कुणी?

"त्याच आहेत," ती म्हणाली. "ऐकू येतंय का सगळ्यांना? त्याच आहेत. आणि..." ती काचेला नाक लागेल इतकी वाकली. "वेणी घातलीय. आत कुणीतरी त्यांचे केस विंचरून नीट वेणी घातलीय."

 फोनवर त्या बाईच्या सुनेने मोठ्याने रडायला सुरुवात केली, आणि ग्रंथीजींनी अरदास सुरू केली.